म्हैस, मीठ आणि गूळ

कर्जावर घेतलेली म्हैस मेली, तर तिचा कान कापून बँकेत आणावा लागे. कानात विमा कंपनीचा बिल्ला असे आणि तो दाखविल्याशिवाय विम्याचा दावा पुढे सरकत नसे. १९८५-८६ च्या सुमारास मी करमाळ्याच्या बाजूला एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. माझ्या टेबलावर असे कान कधी वर्तमानपत्रात, कधी खताच्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून येत. पहिला कान आला त्या दिवशी मला डबा गेला नाही. पुढे सवय झाली. बिल्ल्यावरचा आकडा रजिस्टरातल्या आकड्याशी ताडायचा, शेरा मारायचा आणि शिपायाला सांगायचे, "बाबा, लांब नेऊन पूर."

आज ज्या म्हशीविषयी लिहायचे आहे तिचा कान मात्र कधी आला नाही. ती मेली नव्हती, विकली गेली होती.

त्या काळात खेड्यातल्या बँकवाल्याचा सगळा जीव एका योजनेत अडकलेला असे. तिचे नाव एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम. पण बीडीओसाहेबांपासून म्हैसवाल्यापर्यंत सगळे तिला 'आयआरडीपी'च म्हणत. १९७८-७९ मध्ये ती काही गटांत सुरू झाली आणि १९८० मध्ये देशातल्या प्रत्येक गटात आली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला बँकेने कर्ज द्यायचे, सरकारने अनुदान द्यायचे (अल्पभूधारकाला चौथा हिस्सा, अत्यल्पभूधारकाला आणि मजुराला तिसरा, आदिवासीला निम्मा) आणि त्या पैशातून म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र, किराणा दुकान असे काहीतरी उभे राहायचे. कागदावर योजना वाईट नव्हती. एक म्हैस आटली की दुसरी दुभती असावी, म्हणून काही महिन्यांनी दुसरे जनावर द्यावे, असेही तिच्यात लिहिलेले होते. व्यवहारात दुसरी म्हैस फार थोड्या गोठ्यांत पोचली. मार्चअखेरीस जिल्ह्याहून विचारणा होई ती एकच : लाभार्थी किती झाले? म्हशी किती जिवंत आहेत, हे मला कुणा वरिष्ठाने विचारल्याचे आठवत नाही. आणि खरे सांगायचे तर मीही स्वतःला ते विचारले नाही.

सीना नदीच्या बाजूच्या एका वस्तीवर आम्ही अशी एक म्हैस दिली होती. नवरा दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारा. कर्ज त्याच्या नावावर, पण म्हैस बाईची. वैरण तिची, धार तिची आणि डेअरीच्या गाडीपर्यंत किटली घेऊन चालत जाणेही तिचेच. पहिले आठ-नऊ हप्ते बिनचूक आले. मग एकदम बंद झाले. पावसाळ्यात मी तपासणीला गेलो, तर गोठ्यात दावे होते, म्हैस नव्हती.

"म्हैस कुठंय?"

"इकली, सायेब."

"बँकेची म्हैस अशी परस्पर विकता येत नाही, माहीत आहे ना?"

"पोर आजारी व्हती. ढाळ-वकाऱ्या. लई खर्च आला."

वसुलीला हिंडणाऱ्या माणसाचे कान हळूहळू निबर होत जातात. प्रत्येक थकबाकीदाराच्या घरी कुणी ना कुणी आजारी असतेच, अशी आमच्यात थट्टा चाले. ती थट्टा म्हणजे खेड्यातल्या दारिद्र्याविषयीचे अगदी अचूक निरीक्षण होते, हे मला कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली. त्या दिवशी मी मोटारसायकलच्या सीटवर फॉर्म ठेवला आणि लिहिले : 'तारण जनावर परस्पर विकले. कर्जाचा गैरवापर.' खाली सही, तारीख.

पुढच्या वर्षी वसुलीच्या फेरीत त्या गावच्या ग्रामसेवकाने बोलता बोलता बाकीचे सांगितले. मुलगी दीड वर्षाची होती. पहिल्या पावसात विहिरीचे पाणी गढुळले आणि तिला ढाळ लागले. पाणी पाजले की ढाळ वाढतात असा सगळ्यांचाच समज. म्हणून घरच्यांनी तिचे पाणी तोडले. दुसऱ्या दिवशी डोळे खोल गेले, टाळू बसली. तेव्हा बैलगाडीने फाट्यापर्यंत आणि तिथून एसटीने तालुक्याला नेले. खासगी दवाखान्यात तीन दिवस बाटल्या लावल्या. वाण्याकडून महिना शेकडा पाचने पैसे काढले, ते पुरेनात म्हणून म्हैस बाजारात गेली आणि घाईची विक्री म्हणून निम्म्या किमतीत गेली. मुलगी चौथ्या दिवशी गेली.

मी ज्याला गैरवापर म्हटले होते, तो हा.

निवृत्त झाल्यावर हाताशी वेळ आला, तेव्हा जुन्या सवयीने ग्रामीण कर्जाविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. त्यात मुश्ताक चौधरी आणि रिचर्ड कॅश यांचे १९९६ साली निघालेले एक पुस्तक हाती आले. विषय कर्जाचा नव्हता, जुलाबाचा होता. पण ते वाचताना मी वारंवार त्या गोठ्यातल्या दाव्यापाशी जात होतो. कारण ती मुलगी पाण्यावाचून वाळत होती, त्याच वर्षांत बांगलादेशात शेकडो बायका पायी गावोगाव हिंडत होत्या आणि घरोघरच्या आयांना एकच गोष्ट शिकवीत होत्या : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी.

जुलाबाने मूल मरते ते जुलाबाने नव्हे, अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. नुसते पाणी पाजले तर ते टिकत नाही, नुसते मीठही आतड्यातून नीट आत जात नाही. पण मिठाबरोबर साखर असली, की ती मिठाला बरोबर घेऊन आत शिरते आणि मिठामागोमाग पाणी जाते. कॉलऱ्यासारख्या भयंकर रोगातही आतड्याचे हे दार उघडे असते. ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत १९६८ साली डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी हे रुग्णांवर सिद्ध केले. तरी शिरेतून सलाईन देण्याखेरीज दुसरे काही खरे औषध नव्हे, असेच बहुतेक डॉक्टर मानीत राहिले.

त्यांचे मत बदलायला युद्ध यावे लागले. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. जमिनीवर माणसे ओळीने पडलेली, शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. त्यांनी कोलकात्यात मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पुड्या करवून घेतल्या, पिंपात पाणी कालवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. शंभरातली तीस माणसे दगावत होती, तिथे हे प्रमाण तीन-चारांवर आले. पेला धरणारे हात डॉक्टरचे नव्हते, नर्सचेही नव्हते. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने या साध्या पाण्याची गणना शतकातल्या बहुधा सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधात केली. महालनबीसांना आपल्या सरकारने पद्मविभूषण दिले ते २०२३ साली. त्याआधी काही महिने, ऑक्टोबर २०२२ मध्ये, ते गेले होते.

छावणीतली माणसे एका जागी असतात. लाखो घरांतल्या आयांपर्यंत हे पोचवायचे कसे, हा प्रश्न डॉक्टरांचा नव्हताच. तो व्यवस्थापनाचा होता आणि तो सोडविला एका हिशेबनिसाने. हे लिहिताना माझ्यातला जुना बँकवाला थोडा सुखावतो, हे लपवीत नाही.

फझले हसन आबेद लंडनमध्ये हिशेबशास्त्र शिकून आलेले आणि चितगावला शेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले गृहस्थ. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात समुद्रकाठची लाखो माणसे वाहून गेली. ती प्रेते पाहिल्यावर कंपनीच्या बंगल्यात राहणे त्यांना अवघड झाले. लगोलग मुक्तियुद्ध आले. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी लंडनमधला स्वतःचा फ्लॅट विकला आणि त्या पैशावर १९७२ साली सिल्हेटच्या शाल्ला भागात, भारतातून परतणाऱ्या निर्वासितांची घरे उभी करायचे काम सुरू केले. त्या संस्थेचे नाव ब्रॅक. पुढे तिने कर्जे दिली, शाळा काढल्या, दुधाचा धंदा केला, बँक काढली, आफ्रिकेत शाखा नेल्या. जगातल्या सर्वांत मोठ्या स्वयंसेवी संस्थांत ती गणली जाते. आबेद डिसेंबर २०१९ मध्ये वारले.

१९७९ मध्ये त्यांनी शाल्ला भागातच मीठ-गुळाच्या पाण्याचा प्रयोग करून पाहिला आणि १९८० पासून देशभर काम काढले. पाकिटे वाटायची नाहीत, हे आधी ठरले. पाकिटे बनवायला कारखाना लागतो, पोचवायला रस्ता लागतो आणि पावसाळ्यात बांगलादेशात रस्ता राहत नाही. मीठ आणि गूळ प्रत्येक घरात असतो. तेव्हा वाटायची ती विद्या. थोड्या शिकलेल्या खेड्यातल्या बायका निवडल्या, त्यांना तयार केले आणि त्यांच्या तुकड्या गावोगाव मुक्काम करीत हिंडू लागल्या. एकेका घरात बसून आईला जुलाबाविषयीचे मोजके मुद्दे सांगायचे, पाठ करून घ्यायचे आणि मग तिच्याच हाताने पाणी करवून घ्यायचे. घरोघरची भांडी वेगळी, तेव्हा अर्धा शेर कुठवर येते त्याची खूण भांड्यावरच करून द्यायची. मीठ जास्त पडले तर ते मुलाच्या जिवावर बेतते. म्हणून चिमटीचा सराव पुन्हा पुन्हा. परक्या बायका एकट्या गावात फिरतात याबद्दल कुठे कुठे मौलवी रागावले, पुरुष कुरकुरले. बायका हिंडत राहिल्या.

आणि आता ती गोष्ट, जी वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. या बायकांना पगार घरे मोजून मिळत नसे. त्या शिकवून पुढच्या गावी गेल्या, की साधारण महिन्याभराने दुसराच माणूस मागे येई. त्याने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही घरे निवडायची, तिथल्या आईला मुद्दे विचारायचे, तिच्याकडून पाणी करवून घ्यायचे आणि त्याचा नमुना तपासणीला न्यायचा. आईला सगळे आठवले आणि पाणीही बरोबर जमले, तर शिकविणारीला पूर्ण मोबदला. काही चुकले तर कमी. काहीच आठवले नाही तर शून्य. कोणते घर तपासले जाणार हे आधी कुणालाच ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक घर मन लावून शिकविणे भाग होते.

मी तीन दशके तपासण्या केल्या आणि तपासण्या सोसल्या. कर्ज दिल्याची पावती आहे का, जामीनदाराची सही आहे का, अनुदानाचा हिशेब जुळतो का, हे आम्ही पाहत होतो. दिलेली गोष्ट महिन्याने त्या घरात उरली आहे का, आणि नसेल तर का उरली नाही, हे पाहायला फॉर्मवर जागाच नव्हती. आम्ही मेलेल्या म्हशीचा कान तपासत होतो. ते जिवंत आईची आठवण तपासत होते.

तरी एवढ्यावर सारे सुरळीत झाले नाही. काही काळाने ब्रॅकच्या लोकांनी पाहणी केली, तर आयांना मुद्दे घडाघड येत होते, पाणीही छान करता येत होते. पण मुलाला प्रत्यक्ष जुलाब झाले तर ते पाजणाऱ्या फारच थोड्या निघाल्या. एखाद्या सरकारी खात्याने हा आकडा फाईलीत बांधून ठेवला असता. आबेद यांनी कारणे शोधायला माणसे पाठविली. एक कारण असे निघाले, की शिकविणाऱ्या बायकांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता; स्वतःला जुलाब झाले तर त्या गोळ्या घेत आणि आयांना ते बरोबर कळत असे. मग या बायकांना ढाक्याच्या संशोधन रुग्णालयात नेऊन हे पाणी आतड्यात काय करते ते दाखविले, समजावून दिले. घरोघरी शिकविताना आईने केलेले पाणी शिकविणारीने आधी स्वतः पिऊन दाखवायचे, असा प्रघात पडला. दुसरे कारण पुरुषांना कुणी काही सांगितलेच नव्हते, हे. नवरा आणि सासरा 'हे कसले औषध' म्हणाले की आईचा हात थांबे. तेव्हा बाजारात, शाळेत, मशिदीत पुरुषांशी बोलायला माणसे जाऊ लागली. हळूहळू वापर वाढला.

काम १९९० मध्ये संपले तेव्हा सुमारे सव्वा कोटी घरे झाली होती. एका गरीब देशातले जवळजवळ प्रत्येक खेडे. आता तिथे जलसंजीवनीची पाकिटे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि ती वापरण्यात बांगलादेश जगात पुढच्या रांगेत आहे. आपल्या घरीही पाकीटच वापरावे हे उत्तम. प्रमाण चुकायची भीती नाही.

हे सारे परमुलखातले झाले, आपल्याकडे कुठे असे होते, असे कुणी म्हणेल. माझी अडचण नेमकी तीच आहे. माझ्या शाखेपासून जामखेड पन्नास-साठ किलोमीटरवर होते. कादंबरीत मी असा योगायोग लिहिला असता, तर संपादकाने तो खोडला असता. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० पासून तिथे काम करीत होते आणि १९७९ मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कारही मिळाला होता. लोकांना काय हवे ते त्यांनी आधी विचारले, तर दवाखाना कुणीच मागितला नाही. मागितले ते पाणी आणि अन्न. मग हातपंप आले आणि ते दलित वस्तीत घेतले गेले; पाणी हवे तर सवर्णांनी तिथे यावे. गावाने निवडलेल्या बायका, कित्येक निरक्षर, कित्येक दलित, आळीपाळीने जामखेडला येऊन शिकत आणि परत जाऊन बाळंतपणे करीत, वजने घेत, ढाळ लागलेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी पाजायला लावीत. महिला मंडळात बचत होई, शेळ्यांसाठी छोटी कर्जे होत. शेळी आणि चिमूटभर मीठ या एकाच खात्यातल्या दोन नोंदी आहेत, हे तिथल्या निरक्षर बाईला ठाऊक होते. मला पदवी होती आणि ठाऊक नव्हते. त्या प्रकल्पाचे नाव मी ऐकून होतो. पण ते 'आरोग्यवाल्यांचे काम' म्हणून एसटीने दोन तासांवर असूनही मी एकदाही गेलो नाही. मुलीला घेऊन ते कुटुंब निघाले तेही दुसऱ्याच दिशेने.

पैसा आणि आजार यांची ही जोडी ब्रॅकने पुढे फार धूर्तपणे वापरली. धूर्त हा शब्द मी कौतुकाने लिहितो आहे. क्षयरोगाचे औषध महिनोन् महिने घ्यावे लागते आणि दोन महिन्यांत बरे वाटले की रोगी ते सोडतो. १९८४ पासून माणिकगंज भागात त्यांनी जी पद्धत बसविली, तिच्यात औषध फुकट, पण रोग्याने आधी २०० टका अनामत ठेवायची. औषध पुरे केले की त्यातले काही पैसे त्याला परत आणि उरलेले त्याला रोज गोळी देणाऱ्या गावातल्या शेबिकेला, म्हणजे सेविकेला. अगदीच नाडलेल्याला अनामत माफ. गरिबाकडून अनामत घेणे वाचायला क्रूर वाटते. पण अनामत ठेवलेला माणूस परत येतो, हे कुठल्याही बँकेतला लॉकरवाला सांगेल.

चुका त्यांच्याकडेही झाल्या आणि काही भयंकर झाल्या. दूषित तळ्याचे पाणी पिऊ नये म्हणून १९७० नंतर बांगलादेशभर लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. ग्रामीण बँकेच्या कर्जदार बायका १९८४ पासून जे सोळा निश्चय म्हणत, त्यांत कूपनलिकेचेच पाणी पिण्याचा निश्चयही होता. जंतू गेले, पण खालच्या थरात आर्सेनिक होते आणि ते कुणी तपासलेच नव्हते. १९९३ मध्ये ते लक्षात आले. २००० साली तज्ज्ञांनी याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटले. मग गावातल्या बायकांना पाणी तपासायला शिकवून नळांची तोंडे रंगविण्यात आली : हिरवे पिण्याचे, लाल न पिण्याचे. ज्याने तुमचे भले करायला दिले, त्याने पुन्हा येऊन पाहिलेच पाहिजे, याचा याहून कडू दाखला मला माहीत नाही.

छोट्या कर्जाने गरिबी हटते, हा उत्साहही आता पुष्कळ ओसरला आहे. २००६ साली मुहम्मद युनूस आणि ग्रामीण बँकेला नोबेल मिळाले, तेव्हा आम्ही बँकवाल्यांनी पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले होते. चार वर्षांत आंध्रात अशा कर्जांच्या वसुलीने हाहाकार झाला. ब्रॅकच्या लोकांना याआधीच दिसले होते, की गावातली सगळ्यात गरीब बाई कर्जाकडे फिरकतच नाही. तिला घाबरवणारी गोष्ट व्याज नसते, पुढचे आजारपण असते. म्हणून २००२ पासून त्यांनी अशा कुटुंबांना कर्ज न देता सरळ जनावर दिले. पण नुसते जनावर नव्हे. ते विकून खावे लागू नये म्हणून काही महिने हातखर्चाला पैसे, आठवड्याला घरी येऊन चौकशी करणारा माणूस, आजारपणात औषधोपचार, जनावराची देखभाल कशी करायची याचे शिक्षण आणि थोडी बचत. असे दोन वर्षे.

नंतर इथिओपिया, घाना, होंडुरास, पाकिस्तान, पेरू आणि आपला पश्चिम बंगाल अशा सहा ठिकाणी याची कसोशीने तपासणी झाली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर ड्युफ्लो त्या संशोधकांत होते. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. मदत थांबून वर्ष झाले तरी बहुतेक ठिकाणी ही कुटुंबे आधीपेक्षा बरे खात होती, बरे कमावीत होती. बंगालमध्ये तर दहा वर्षांनीही फरक टिकला होता. हिशेब फसला तो होंडुरासमध्ये. तिथे बहुतेकांनी कोंबड्या घेतल्या होत्या, रोग आला आणि कोंबड्या मेल्या. मी ते वाचले आणि आमच्या टेबलावरचे कान मला आठवले.

बंगालमधल्या त्या म्हशी-गाईंची किंमत आमच्या म्हशीहून फार वेगळी नसेल. फरक होता तो म्हशीभोवती बांधलेल्या कुंपणाचा. सीनाकाठच्या त्या बाईला आम्ही म्हैस दिली होती. तिचे पोर आजारी पडले तर म्हैस कशी वाचवायची, हे काही दिले नव्हते.

१९९० साली केंद्र सरकारने दहा हजारांपर्यंतची थकलेली ग्रामीण कर्जे माफ केली. मी तेव्हा विभागीय कार्यालयात होतो आणि जुन्या शाखेच्या याद्या तपासायला मलाच पाठविण्यात आले. मुद्दाम थकविणाऱ्यांना वगळावे, असा नियम होता. वगळलेल्यांच्या यादीत त्या बाईच्या नवऱ्याचे नाव निघाले. कारणाच्या रकान्यात माझेच शब्द टाईप केलेले होते : तारण जनावर परस्पर विकले, कर्जाचा गैरवापर.

मी नवा शेरा लिहिला. 'जनावर मुलीच्या आजारपणात विकले. मुलगी दगावली. कर्जदार हेतुपुरस्सर थकबाकीदार नाही.' शाखेच्या मॅनेजरने पुरावा विचारला. मी म्हणालो, आधीचा शेरा ज्याने लिहिला त्याचाच हा आहे. नाव माफीच्या यादीत गेले.

दाखले वाटायच्या दिवशी नवरा ऊसतोडीला गेलेला होता. ती एकटी आली. रांगेत उभी राहिली, अंगठा दिला, शाई पदराला पुसली आणि दाखल्याची घडी घालून पिशवीत ठेवली. तिने मला ओळखले होते.

"सायेब, ह्ये म्हशीचं झालं. वाण्याचं बी ह्यातच ग्येलं का?"

"नाही बाई. ते निराळं. त्याचा बँकेशी संबंध नाही."

"बरं," ती म्हणाली. मागची बाई पुढे सरकली होती, तिला जागा देऊन ती बाजूला झाली आणि एसटी स्टँडकडे चालू लागली. वाण्याचे अजून किती राहिले आहे, हे मी तिला विचारले नाही.